बेळगाव–निपाणी पट्ट्यात हॅकिंगची बैठक शोधताना: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली तीन माणसं कल्पित आहेत. रस्ते, कायदे, संघटना आणि यंत्रणा मात्र खऱ्या.

पहिली निपाणीची मुलगी. बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, टिळकवाडीत पेइंग गेस्ट राहते, बहुतेक शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी जाते. वेब सुरक्षेचे मोफत धडे तिने एकटीने बरेच केलेत, पण अडलं की विचारायला कुणी नाही. दुसरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमधला चाळिशीचा तंत्रज्ञ. सीएनसी (संगणकाच्या हुकमावर कापणारी यंत्रं) आणि पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे कंट्रोलर) सांभाळतो. मालकाने सगळी मशिनं ऑफिसच्या नेटवर्कला जोडून घेतली, तेव्हापासून त्याला धाकधूक आहे. तिसऱ्याचं खानापुरात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, कुलूप लागलेल्या फाइली घेऊन गिऱ्हाईक येतं आणि त्याला हात वर करावे लागतात. तिघांनाही असे लोक हवेत, ज्यांच्यासमोर मशीन उघडून ठेवावं आणि मोकळेपणाने विचारावं.

शोध

पहिली अडचण नावाची. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या शहरांची इंग्रजी नावं अधिकृतपणे बदलली. बेलगामचं बेळगावी झालं, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुर. जुन्या गटांच्या नोंदी जुन्या स्पेलिंगखाली आहेत आणि नव्या लोकांनी नव्या स्पेलिंगने केल्यात. एकाच स्पेलिंगने शोधणाऱ्याला अर्धंच दिसतं. म्हणून दोन्ही स्पेलिंगं, त्यांना ‘सिक्युरिटी’, ‘सीटीएफ’ (हॅकिंगची कोडी सोडवायची स्पर्धा), ‘लिनक्स’, ‘ओपन सोर्स’ हे शब्द जोडून, प्रत्येक शोध वेगळा करायचा. बैठकांच्या अ‍ॅपमध्ये त्रिज्या देता येते, पण ती हवाई अंतराची असते. नकाशावर पणजी शेजारी दिसते. चोर्ला घाटातून प्रत्यक्षात शे-सव्वाशे किलोमीटर पडतात, आणि पावसाळ्यात धुक्यातून तो घाट रात्री परतीला घेऊ नये.

दुसरं म्हणजे कोणत्या याद्या बघायच्या. भारतात सगळ्यात आधी बघावी ती ‘नल’ (null) या खुल्या सुरक्षा समुदायाची. त्याच्या शाखा पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद अशा शहरांत आहेत. बैठका फुकट असतात आणि कुणालाही खुल्या असतात. त्यात ‘न्यूज बाइट्स’ नावाचं छोटं सत्र असतं, त्यात महिन्याभरातल्या सुरक्षेच्या बातम्या सांगायच्या. नवख्याला बोलायला सुरुवात करायची तर याहून सोपी जागा नाही. त्यांचं ‘हमला’ हे सत्र दिवसभर हाताने करून बघण्याचं असतं. याच समुदायातून उभी राहिलेली नलकॉन ही परिषद २०१० पासून गोव्यात भरत आली आहे.

मग ओवास्प (OWASP). ही संस्था २००१ मध्ये सुरू झाली, भर वेब अ‍ॅप्लिकेशनच्या सुरक्षेवर आहे, आणि तिच्या स्थानिक शाखांच्या सभा सर्वांना खुल्या असतात. डेफकॉन ही अमेरिकेतली हॅकरांची परिषद १९९३ ची. तिचे स्थानिक गट बहुधा आपल्या भागाच्या टेलिफोन कोडने ओळखले जातात. आपल्याकडे बेळगावचा ०८३१, गोव्याचा लगेच पुढचा ०८३२. सगळ्यात जुनी परंपरा ‘२६००’ या हॅकरांच्या नियतकालिकाची. ते १९८४ मध्ये न्यूयॉर्कजवळ सुरू झालं. लांब पल्ल्याच्या फोनच्या जुन्या ट्रंक लाइनवर २६०० हर्ट्‌झचा सूर दिला की लाइन मोकळी आहे असं एक्स्चेंजला वाटायचं, त्यावरून हे नाव. त्यांच्या बैठका महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, सार्वजनिक जागी, वर्गणी किंवा सभासदत्वाशिवाय होतात. आपल्या गावात त्यांची शाखा असो वा नसो, ही रीत उचलण्यासारखी आहे. दिवस महिन्याच्या हिशेबात ठरलेला असला की निरोप पोचला नाही तरी माणूस येऊ शकतो.

यादीत नाव दिसलं म्हणजे गट जिवंत आहे असं नव्हे. तीन गोष्टी तपासायच्या: शेवटची बैठक कधी झाली, पुढच्या बैठकीची तारीख आणि जागा दिली आहे का, आणि निरोपाला आठवड्यात उत्तर येतं का. यातल्या दोन नसतील तर बसचं तिकीट काढू नये. कॉलेजांचे सायबर क्लब सहसा याच कसोटीवर पडतात. क्लब चालवणारी अंतिम वर्षाची मुलं जूनमध्ये पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात आणि क्लबचं नुसतं पान उरतं. पण ते पान टाकाऊ नाही. तिथे सापडलेला माजी विद्यार्थी अजून इथेच राहत असेल, तर तोच चौथा माणूस.

कशापासून लांब राहायचं

‘हॅकिंग ग्रुप बेळगाव’ असं टेलिग्रामवर शोधलं की मिळणाऱ्या गटांत तीन प्रकार ओळखावेत. पहिल्यात कुणाचं तरी इन्स्टाग्राम खातं उघडून देण्याची मागणी चालू असते. दुसऱ्यात सात दिवसांत एथिकल हॅकर बनवणारा कोर्स विकायचा असतो. तिसरा सगळ्यात घातक. तिथे ‘बँक खातं वापरायला द्या, कमिशन मिळेल’ असं सांगतात. यालाच म्यूल खातं म्हणतात. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. कॉलेजच्या मुलांना पाच-दहा हजारांच्या आमिषाने यात ओढलं जातं. अशा गटात शिरून बघण्यानेही काही मिळत नाही. बाहेर पडायचं आणि नंबर ब्लॉक करायचा.

रस्त्यांचा हिशेब

तिघांना जवळ काही सापडलं नाही असं धरू. मग वाटा उरतात त्या अशा. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव पाऊणशे, म्हणजे निपाणीकराला कोल्हापूरच जवळ. बेळगावहून हुबळी शंभराच्या आत-बाहेर. पुणे सुमारे ३४०, बेंगळुरू पाचशेच्या घरात, पण बेंगळुरूला रात्रीची थेट रेल्वे आहे. शुक्रवारी रात्री निघून शनिवारची बैठक करून रात्रीच परतता येतं, मुक्कामाचा खर्च वाचतो.

आमचं मत स्पष्ट आहे. मोठ्या शहराची बैठक वर्षातून दोनदा करावी, दर महिन्याला करू नये. दर महिन्याच्या प्रवासात उत्साह तिसऱ्या फेरीला संपतो, आणि तंत्रज्ञाला तर शनिवारची रजा मिळणंही अवघड. दोन फेऱ्यांतून आणायचं ते बैठकीचं वळण: कोण बोलतं, किती वेळ बोलतं, नवख्याला कुठे बसवतात, संपल्यावर लोक कसे रेंगाळतात. हे बघून आलेला एक माणूस इथे बैठक चालवू शकतो.

एक सावधगिरी. सीमेवर तणाव वाढला की दोन्ही राज्यांच्या एसटी बस आधी थांबतात. त्या दिवशी कोल्हापूरला गेलेला माणूस कागलपलीकडे अडकतो. बातम्या बघून निघावं आणि रेल्वेचा पर्याय मनात ठेवावा.

आपलीच बैठक: दिवस आणि जागा

तिघांनी बेळगावात महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी साडेतीन ते सहा असं ठरवलं. यामागे हिशेब आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, आणि दुसऱ्या शनिवारी कर्नाटकातली सरकारी कार्यालयंही बंद असतात. म्हणजे बँकेच्या आयटी विभागातला किंवा सरकारी कार्यालयातला माणूस येऊ शकतो. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या मध्ये पडतो. त्यामुळे १ नोव्हेंबर, १७ जानेवारी आणि १ जून हे सीमाभागात मोर्चे, बंदोबस्त किंवा अभिवादनाचे दिवस आपोआप टळतात. उरतो तो डिसेंबर. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की हॉटेलं भरतात, रस्ते वळवले जातात आणि जमावबंदीचे आदेश निघू शकतात. त्या महिन्यात बैठक पुढे ढकलायची आणि तसं नोव्हेंबरच्या बैठकीतच सांगून टाकायचं. संध्याकाळी सहाला संपवणं महत्त्वाचं, कारण मुलींच्या वसतिगृहांचं दार लवकर बंद होतं आणि खानापूर, निपाणीच्या लोकांना उजेडात बस धरायची असते. ‘वेळ लांबली’ म्हणून दोनदा उशीर झाला की तिसऱ्यांदा मुली येत नाहीत.

जागेबाबत पहिला विचार कॅफेचा येतो. गोंगाट, प्लगची कमतरता आणि ‘आणखी काय घेणार?’ यात दीड तास जातो. कॉलेजची लॅब चांगली, पण बाहेरच्या माणसाला गेटवर अडवतात. विभागप्रमुखांचं पत्र मिळालं तरी कार्यक्रम कॉलेजचा होतो, मग बॅनर आणि भाषण आलंच. कोचिंग क्लासची रिकामी खोली सगळ्यात बरी. तिथे बाकं आहेत, फळा आहे, पंखे आहेत. क्लासच्या सरांना पाठवायचा निरोप साधारण असा:

‘नमस्कार सर. आम्ही संगणक सुरक्षा शिकणारे सहा-सातजण आहोत. महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी साडेतीन ते सहा, तुमच्या क्लासची एक खोली मिळेल का? लॅपटॉप, राउटर आमचे. तुमचं इंटरनेट वापरणार नाही. हॅकिंगचा सराव करतो, पण फक्त आमच्याच मशीनवर, बाहेरच्या नेटवर्कपासून तोडून. विजेचे आणि झाडलोटीचे पैसे देऊ. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः येऊन बसा ही विनंती.’

‘हॅकिंग’ हा शब्द लपवू नये. नंतर कुणाकडून तरी तो सरांच्या कानावर गेला तर खोली जाते आणि विश्वासही जातो. सूचनेचा कागद लावायचा तर कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत लावावा. बैठकीत ज्याला जी भाषा येते ती त्याने बोलावी. पॅकेट, पोर्ट, पासवर्ड हे शब्द तसेही सगळ्यांचे एकच आहेत. सीमाप्रश्नावर खोलीत चर्चा नको, एवढा एक नियम पहिल्याच दिवशी तोंडी सांगावा.

सरावाचं जाळं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे सविस्तर.

लागतं ते एवढं: हजार-दीड हजारात मिळणारा साधा वायफाय राउटर, ८ जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप लक्ष्य म्हणून (म्हणजे ज्यावर हल्ल्याचा सराव करायचा तो), एक लॅन केबल, दोन चांगले एक्स्टेन्शन बोर्ड, आणि राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतात, पण राउटर बंद पडला की सगळ्यांचा सराव थांबतो. बारा लॅपटॉप प्रत्येकी ६५ वॅटचे धरले तर ७८० वॅट होतात. सहा अँपिअरच्या प्लगची मर्यादा २३० व्होल्टवर १३८० वॅटच्या आसपास आहे, म्हणजे भार पेलतो. पण एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसू नये, तिथलं सैल टोक तापतं.

राउटरच्या इंटरनेटच्या खाचेत केबल लावायचीच नाही. लक्ष्याचा लॅपटॉप लॅन केबलने जोडायचा आणि राउटरमधलं वायरलेस आयसोलेशन चालू करायचं. बहुतेक राउटरमध्ये त्यामुळे वायफायवरचे लॅपटॉप एकमेकांना दिसत नाहीत, पण केबलवरचं लक्ष्य सगळ्यांना दिसतं. काही मॉडेलमध्ये लक्ष्यही झाकलं जातं, म्हणून हे घरी एकदा करून बघावं. मुलीच्या लॅपटॉपवर तिची असाइनमेंट आहे आणि दुकानदाराच्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकांचा बॅकअप. त्यावर शेजाऱ्याचं स्कॅन, म्हणजे मशीनची कोणती दारं उघडी आहेत याची चाचपणी, पडता कामा नये.

लक्ष्य म्हणून ओवास्पचं ज्यूस शॉप उत्तम. हे मुद्दाम कच्चं ठेवलेलं, फळांच्या रसाचं खोटं दुकान. यात शंभराच्या आसपास आव्हानं आहेत. पहिलं आव्हान लपवलेला गुणफलक शोधण्याचं. इथे नवे आयोजक हमखास फसतात. ज्यूस शॉपची एक प्रत एकाच माणसासाठी बनवलेली आहे. सगळ्यांनी एकच प्रत उघडली तर एकाने सोडवलेलं आव्हान सगळ्यांच्या फलकावर हिरवं होतं आणि बाकीच्यांची मजा जाते. म्हणून डॉकरमध्ये (एकाच मशीनवर प्रोग्रॅम सुटेसुटे चालवणारं सॉफ्टवेअर) सहा वेगळ्या प्रती चालवायच्या. ज्यूस शॉपचं मूळ पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या त्याच्या दाराचा क्रमांक, ३०००. बाहेरून ते ३००१ ते ३००६ असं वाटून द्यायचं आणि दोघादोघांच्या जोडीला एक पोर्ट. डॉकरची प्रतिमा (ज्यूस शॉपचा तयार गठ्ठा) आदल्या दिवशी घरच्या इंटरनेटवर उतरवून पेनड्राइव्हवर फाइल करून आणावी. खोलीत आल्यावर उतरवायला घेतली तर पहिला तास तिथेच जातो.

आता सर्वांत महागडी चूक. जाळ्याचा पत्ता १९२.१६८.५०.० असा ठेवलाय. घाईत कुणी १६८ ऐवजी १८६ टाइप करतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी असतात, १९२.१८६ चे मात्र सार्वजनिक इंटरनेटवरचे, कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरचे. राउटरला इंटरनेट नसेल तर ते स्कॅन कुठेच जात नाही. पण त्याच वेळी फोन यूएसबीने जोडून मोबाइल डेटा चालू असेल, तर ते थेट परक्या सर्व्हरवर जाऊन आदळतं. म्हणून सरावाच्या वेळी यूएसबी टेदरिंग बंद आणि फोन खिशात. वायफायवर इंटरनेट नाही हे कळलं की फोन आपोआप मोबाइल डेटावर जातात, त्यामुळे फोनवरून सराव करूच नये. वायफायची जोडणी तोडणारी ईएसपी चिपची खेळणी बाजारात मिळतात. तीही खोलीत नकोत. त्यांचे संदेश भिंत ओळखत नाहीत, शेजारच्या दुकानाचं वायफायवर चालणारं यूपीआय यंत्रही बंद पडू शकतं.

तंत्रज्ञाची गोष्ट वेगळी. त्याला पीएलसी तपासायचा आहे. मॉडबस ही कंट्रोलरांची आपसातली भाषा १९७९ ची, नेटवर्कवर (टीसीपी) ती ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर बोलते आणि मूळ रूपात तिला पासवर्ड माहीतच नाही. जो पोचला त्याचा हुकूम ती ऐकते. हे समजून घ्यायलाच हवं, पण चालू कारखान्यात कधीच नाही. जुन्या कंट्रोलरवर साधं पोर्ट स्कॅन टाकलं तरी तो गोठू शकतो. कास्टिंगवर कटर चालू असताना तसं झालं तर नुकसान जॉबचं होतं आणि इजा माणसाला होऊ शकते. अडगळीतला सुटा पीएलसी मिळाला तर तो आणावा, नाहीतर ओपनपीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवावं. आमच्या मते उद्यमबागेच्या या गावात बैठकीची खरी ताकद हीच होईल. वेब हॅकिंग शिकवणारे देशभर आहेत. लेथवरचा कंट्रोलर आणि नेटवर्क दोन्ही कळणारे थोडे आहेत, आणि ते इथे राहतात.

पहिली बैठक

सहाजण आले तर भरपूर. पंधरा मिनिटं ओळख: नाव आणि सध्या काय अडलंय, एवढंच. खरं नाव सांगण्याची सक्ती नको. पंधरा मिनिटं बातम्या. चाळीस मिनिटं एकाच विषयावर बोलणं. इथे दुकानदाराने बोलावं. रॅन्समवेअरचं मशीन आलं की आधी नेटवर्कची केबल काढायची, फॉरमॅट करायचं नाही, कुलूप लागलेल्या (एनक्रिप्ट झालेल्या) दोन फाइली आणि खंडणीची चिठ्ठी बाजूला ठेवायची, आणि त्या प्रकाराची किल्ली फुकट उपलब्ध झाली आहे का ते ‘नो मोअर रॅन्सम’वर बघायचं. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आहे. मग चहा, आणि उरलेला वेळ ज्यूस शॉप. पहिल्यांदा येणाऱ्याला नेहमी सरावलेल्या माणसाशेजारी बसवावं, आणि कीबोर्ड नवख्याच्या हातात द्यावा. जाणत्याने टाइप करायला घेतलं की नवखा प्रेक्षक होतो आणि पुढच्या महिन्यात येत नाही.

चौथ्या महिन्यातला प्रसंग

असा प्रसंग प्रत्येक गटात एकदा येतोच, म्हणून तो आधीच ठरवून ठेवावा. एकजण सांगतो, ‘आमच्या पतसंस्थेच्या अ‍ॅपमध्ये माझा सभासद क्रमांक बदलला की दुसऱ्याचं पासबुक दिसतं.’ खोलीत लगेच आवाज उठतो, ‘बघू, बघू!’

बघायचं नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेतून माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी चांगल्या हेतूने केलं’ असं म्हणणाऱ्या संशोधकाला सरसकट संरक्षण देणारं कलम या कायद्यात नाही. एक क्रमांक चुकून बदलला गेला तर तो अपघात. वीस क्रमांक बदलून बघितले तर तो पुरावा, आणि तो आपल्याविरुद्ध.

मग करायचं ते असं. तिथेच थांबायचं. स्वतःच्या खात्यापुरता एकच स्क्रीनशॉट ठेवायचा, दुसऱ्याचं नाव, रक्कम काही साठवायचं नाही. संस्थेच्या सचिवांना लेखी कळवायचं: कोणत्या पानावर, काय केल्यावर, केव्हा दिसलं. त्याच मजकुराची प्रत सर्ट-इनला ईमेल करायची. ही केंद्राची सायबर सुरक्षेची यंत्रणा २००४ पासून आहे, आणि एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा उघड होण्यासारख्या घटना संस्थांनी तिला सहा तासांत कळवायच्या असतात. पत्रात पैशांचा, बक्षिसाचा किंवा ‘नाहीतर जाहीर करू’चा एक शब्दही नको, त्याने सूचनेची खंडणी होते. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर संस्थेचं नाव टाकू नये. सीमाभागात पतसंस्थेतून पैसे काढायला रांग लागायला एक फॉरवर्ड पुरतो, आणि त्या ठेवी आपल्याच शेजाऱ्यांच्या असतात. कुणाचे पैसे खरोखर गेले असतील तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

कर्नाटकात जिल्ह्यांना सीईएन पोलीस ठाणी उभारली गेली, ती सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी. पाचव्या-सहाव्या बैठकीला तिथल्या अधिकाऱ्यांना बोलायला बोलवावं. पहिल्या बैठकीला नको, कारण नवखी मुलं गप्प बसतात. पण ओळख आधीपासून असली की पतसंस्थेसारख्या प्रसंगात ‘हे कोण?’ असा प्रश्न पडत नाही.

नाव आणि चाव्या

डेफकॉनचा गट किंवा ओवास्पची शाखा म्हणून नोंद करायचा मोह दुसऱ्याच महिन्यात होतो. सहा बैठका ओळीने होईपर्यंत थांबावं. नाव घेतलं की नियम, अहवाल आणि वेळापत्रक पाळावं लागतं, आणि बंद पडलेल्या गटाचं नाव यादीत राहून पुढच्या शोधणाऱ्याला चकवतं.

सातव्या महिन्यात मुलीचं कॅम्पस प्लेसमेंट पुण्यात होतं. राउटरचा पासवर्ड, गटाचं अ‍ॅडमिनपद, क्लासच्या सरांचा नंबर आणि डॉकरचा पेनड्राइव्ह या चारही गोष्टी पहिल्या दिवसापासून दोघांकडे असायला हव्यात, आणि त्या दोघांपैकी एकजण विद्यार्थी नसावा. इथे दुसरा माणूस खानापूरचा दुकानदार. पुढच्या दुसऱ्या शनिवारी साडेतीनला खोली तो उघडेल, आणि ती पुण्यातल्या नलच्या बैठकीत न्यूज बाइट्स घेईल.